चुका बोलून दाखवणारी टीम : जामखेडचा आठवडी वर्ग आणि मोबाइलचा पडदा

जामखेड किंवा पाथर्डी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर बाई गरोदर राहिली की पहिली नोंद आशा स्वयंसेविका करते. रक्तदाब उपकेंद्रातली आरोग्यसेविका पाहते, हिमोग्लोबिन प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ तपासतो. कळा सुरू झाल्यावर गाडीचा चालक, प्रसूतिकक्षातली स्टाफ नर्स आणि गुंतागुंत झालीच तर वैद्यकीय अधिकारी किंवा ग्रामीण रुग्णालयातले तज्ज्ञ येतात. पायांवर सूज आल्याचे आशाताईने पाहिले, पण सिस्टरच्या कानावर घातले नाही. किंवा घातले, पण सिस्टर त्या वेळी रजिस्टरात गढलेली होती, तर पुढच्या सगळ्यांचे कौशल्य त्या बाईच्या कामी येत नाही. माणसे आपापल्या कामात तरबेज असूनही काम फसते, ते बहुधा अशा सांध्यांवर.

उपयोजित मानसशास्त्राची एक शाखा या सांध्यांचाच अभ्यास करते. कोण कोणाला काय सांगतो, कोण गप्प बसतो, एकाला उमगलेले दुसऱ्यापर्यंत कसे पोचते आणि सगळे मिळून कसे शिकतात, हे तिचे प्रश्न आहेत. 1990 नंतर त्यात संगणकाच्या साह्याने शिकण्याचा प्रश्नही मिसळला. हे सगळे परदेशी विद्यापीठांतले वाटते. पण त्यातल्या महत्त्वाच्या गोष्टींचा प्रत्यक्ष प्रयोग, त्यांना शास्त्रीय नावे मिळण्याच्या कितीतरी आधी, नगर जिल्ह्यात म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होऊन गेला आहे.

या अभ्यासाचे मूळ दवाखान्यात नाही, विमानात आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे गेली. समोरचे विमान बाजूला झाले आहे ना, ही शंका उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक, त्याने ती मनावर घेतली नाही. अशा अपघातांनंतर वैमानिकांना कनिष्ठांचे ऐकण्याचे आणि कनिष्ठांना ठामपणे बोलण्याचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले. 1990 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातले भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी ते शस्त्रक्रियागृहात आणले. 1999 मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने वैद्यकीय चुकांमुळे त्या देशातल्या रुग्णालयांत दरवर्षी 44,000 ते 98,000 मृत्यू होत असावेत असा अंदाज जाहीर केला, तेव्हा वैद्यकीय जगाला खडबडून जाग आली. त्या अहवालाचा रोख बेपर्वा माणसांवर नव्हता, कामाच्या रचनेवर होता.

रचनेतली सर्वांत नाजूक गोष्ट कोणती, हे जवळजवळ अपघाताने कळले. एमी एडमंडसन या संशोधिकेने दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांची पाहणी केली. ज्या विभागात माणसांचे एकमेकांशी चांगले जमते तिथे औषधे देण्यातल्या चुका कमी असतील, अशी तिची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्येच चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला, तो असा की जिथे मुख्य परिचारिका चूक ऐकून घेत असे तिथे चुका वर येत. जिथे ती फाडून खात असे तिथे त्या दडपल्या जात. हे संशोधन 1996 मध्ये छापले गेले आणि 1999 मध्ये तिने या गुणाला मानसिक सुरक्षितता असे नाव दिले. प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वरिष्ठाला हटकले तर आपली अब्रू जाणार नाही, हा टीममधला सर्वांचा भरवसा, असा त्याचा अर्थ. पुढे 16 रुग्णालयांतल्या हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या टीमच्या अभ्यासात दिसले की नवे तंत्र लवकर आत्मसात होणे हे सर्जनच्या नावलौकिकावर किंवा रुग्णालयाच्या मोठेपणावर अवलंबून नव्हते. "हे तंत्र मलाही नवे आहे, तुम्हाला काही खटकले तर सांगा," असे वागणाऱ्या सर्जनची टीम पुढे गेली.

भारतात ही गोष्ट अधिक अवघड आहे, कारण इथे हुद्द्याच्या उतरंडीवर जातीची, स्त्री-पुरुष भेदाची आणि शिक्षणाची उतरंड चढलेली असते. जामखेडच्या प्रयोगाचे महत्त्व इथेच आहे.

हा प्रयोग करणारे डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची आणि पुढे पत्नी झालेल्या डॉ. मेबल यांची भेट झाली. जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर दोघांच्या लक्षात आले की बहुतेक रुग्ण टाळता येण्याजोग्या आजारांनी येतात, बरे होऊन जातात आणि त्याच आजारांनी परत येतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते 1970 मध्ये जामखेडला आले आणि त्यांनी सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी, वाहतुकीच्या सोयी तुटपुंज्या असलेला तो भाग. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे तेव्हा जन्मलेल्या 1,000 बालकांपैकी 176 पहिल्या वर्षातच दगावत.

पहिला बेत फसला, आणि तो कसा फसला हे पाहण्याजोगे आहे. शिकलेल्या परिचारिका गावात नेमून पाहिल्या. वयाने लहान, बाहेरगावच्या, एकट्या राहणाऱ्या मुलींचे ऐकून गावातली सासू आपले बाळंतपणाचे रिवाज बदलणार नव्हती. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्या बायका बहुतेक मध्यमवयीन, पुष्कळशा निरक्षर, अनेक दलित समाजातल्या. औपचारिक शिक्षणाच्या निकषावर यांतली एकही पात्र ठरली नसती. त्यांच्याकडे गावातल्या प्रत्येक घराचे ज्ञान होते आणि गावात कायम राहण्याची खात्री होती.

त्यांचे प्रशिक्षण म्हणजे एकदाच घेतलेला, शेवटी प्रमाणपत्र देणारा कोर्स नव्हता. दर आठवड्याला त्या जामखेडच्या केंद्रावर येत, मुक्काम करत, एकत्र जेवत. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीला बसणे हेच 1970 च्या दशकात सोपे नव्हते. स्वतःचे नाव सर्वांसमोर मोठ्याने सांगणे हाही शिकण्याचाच भाग होता, कारण अमक्याची बायको किंवा तमक्याची आई यापलीकडे आपली ओळख सांगायची सवयच अनेकींना नव्हती. मग वर्ग सुरू होई तो पुस्तकापासून नव्हे, आठवड्याभरात गावात काय घडले यापासून. एखादीच्या गावात जुलाब होऊन मूल अत्यवस्थ झाले असेल तर ती ते सांगे: कधी कळले, काय पाजले, घरच्यांनी काय अडवले, कुठे उशीर झाला. बाकीच्या विचारत, हटकत, आपल्याकडे काय झाले ते जोडत. डॉक्टर शेवटी बोलत. मीठ-साखर-पाण्याचे प्रमाण अशा वर्गात एकदा नव्हे, अनेकदा उगाळले जाई. गाण्यांतून, तोंडी, एकमेकींना विचारून. गावात परतल्यावर तेच ती इतर बायकांना शिकवत असे.

केंद्रातल्या माणसांनाही एकमेकांकडून शिकण्याचा हाच नियम होता. गावोगाव जाणाऱ्या फिरत्या पथकात नर्स, समाजकार्यकर्ता, कुष्ठरोगाचे काम पाहणारा कार्यकर्ता आणि ड्रायव्हर असत आणि ड्रायव्हरचे काम गाडी चालवण्यापुरते मानले जात नसे. डॉक्टरची विद्या गूढ ठेवायची नाही, हा आरोळे दांपत्याचा आग्रह होता. मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविकेने 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत याचे मर्म सांगितले: सभागृहातली झुंबरे म्हणजे डॉक्टर, देखणी पण महाग आणि दूर, आपण पणतीसारख्या, एकीवरून दुसरी लावता येते.

1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोकाधारित आरोग्यप्रयोगांवर काढलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला. 1978 मध्ये अल्मा आताच्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1990 च्या दशकात प्रकल्पाच्या गावांतला अर्भकमृत्यूदर तिशीच्या आत आला होता. प्रकल्पाने स्वतःबद्दल दिलेल्या आकड्यांवर विसंबून राहू नये हे खरे. पण 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेल्या तुलनात्मक अभ्यासातही प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या इतर गावांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला. याचे सगळे श्रेय आठवडी वर्गाला देता येणार नाही. विहिरी, शेतकरी मंडळे, महिला मंडळे, पोषण, सगळेच त्यात होते. तरी हा वर्ग नसता तर निरक्षर बाईच्या हाती बाळंतपण सोपवण्याची हिंमत कोणी केली नसती.

आठवडी वर्गात शिकलेले इतके का टिकते, याचे उत्तर स्मरणशक्तीच्या संशोधनात सापडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले होते की शिकलेले विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि अंतराअंतराने उजळणी केली तर तो मंदावतो. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिले ते पुन्हा वाचणाऱ्यांच्या नव्हे, तर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या. स्मरणातून ओढून काढण्याची कसरतच ते पक्के करते.

याचा कडक धडा बाळंतपणाच्या खोलीत मिळाला. जन्मल्याबरोबर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यावा लागतो: पुसणे, पाठ चोळणे, तेवढ्याने भागले नाही तर पिशवी आणि मास्क. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजाच्या पुढाकाराने त्या भागातल्या ग्रामीण केंद्रांतल्या आणि रुग्णालयांतल्या सुमारे 600 प्रसूती कर्मचाऱ्यांना बाहुलीवर हे शिकवले गेले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रसूतीच्या सुमारास दगावलेल्या, म्हणजे ताज्या मृतजन्मांचे प्रमाण 1.7 टक्क्यांवरून 0.9 टक्क्यांवर आले. नवजात मृत्यूदर मात्र फारसा हलला नाही. त्याच सुमारास टांझानियातल्या हेडोम रुग्णालयात एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर कर्मचारी बाहुलीवर उत्तम करू लागले, पण खऱ्या बाळांच्या बाबतीत वागणूक बदलली नाही. मग तिथे बाहुली प्रसूतिकक्षातच ठेवली आणि दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव लावला. पहिल्या 24 तासांतले नवजात मृत्यू दर हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. पंचतारांकित हॉटेलात दोन दिवस कार्यशाळा घेणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावायला हरकत नाही.

एकत्र शिकण्याचा आणखी एक फायदा आहे. डॅनियल वेग्नर यांनी 1985 मध्ये मांडले की एकत्र राहणारी माणसे सगळे स्वतः लक्षात ठेवत नाहीत. कोणाला काय माहीत आहे, एवढे लक्षात ठेवतात. 1995 च्या एका प्रयोगात रेडिओ जोडायला एकत्र शिकलेल्या गटांनी, तेच वेगवेगळे शिकून मग एकत्र आणलेल्या गटांपेक्षा, कमी चुका केल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी कर्मचारी सारखे बदलतात तेव्हा माणसाबरोबर ही सामाईक आठवणही निघून जाते. कागदावर पद भरलेले असते, पण बाळाचा श्वास अडकला तर मास्क कोणी धरायचा हे कोणालाच ठाऊक नसते.

संगणक या सगळ्यात कुठे बसतो? संगणकाच्या साह्याने एकत्र शिकणे हा स्वतंत्र अभ्यासविषय 1990 च्या दशकात आकाराला आला. त्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1995 मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात भरली. त्यातला एक निष्कर्ष आजही दुर्लक्षिला जातो. 2003 मध्ये क्रायन्स, किर्शनर आणि योखेम्स या डच संशोधकांनी बजावले की माणसांना एका ऑनलाइन व्यासपीठावर आणले म्हणजे ती आपोआप बोलू लागतील हे गृहीतच चुकीचे आहे. ओळख, विश्वास, गप्पागोष्टी यांना जागा ठेवली नाही तर व्यासपीठ ओस पडते. कोणत्याही कार्यालयाचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडला तर याचा पुरावा मिळतो: वरून सूचना येतात, खालून जोडलेले हात जातात. सूज दिसली पण कळवायला उशीर झाला, असे त्या ग्रुपवर कोणती आशाताई लिहील?

असे व्यासपीठ ओस न पडू देणारे उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातले आहे, आणि ते एका भारतीय वंशाच्या डॉक्टरने घडवले. यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांच्याकडे हेपॅटायटिस सी च्या रुग्णांना कित्येक महिने थांबावे लागे. 2003 मध्ये त्यांनी ग्रामीण भागातल्या साध्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणायला सुरुवात केली. ठरावीक व्याख्यान नसे. एक डॉक्टर आपल्या रुग्णाची हकिकत मांडे, इतर प्रश्न विचारत, मग तज्ज्ञ आपले मत देत आणि ते का हेही सांगत. 2011 मध्ये छापलेल्या 407 रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठ रुग्णालयात 57.5 टक्के आणि ग्रामीण केंद्रांत 58.2 टक्के रुग्ण बरे झाले, म्हणजे फरक पडलाच नाही. ही पद्धत आता भारतातही वापरली जाते. बारकाईने पाहिले तर हा जामखेडचा वर्गच आहे: दर आठवड्याला, खऱ्या प्रसंगावर, ज्याने प्रसंग हाताळला त्याच्या तोंडून आणि तज्ज्ञाने शेवटी बोलावे अशा शिस्तीने. संगणकाने फक्त अंतर काढून टाकले.

आपल्याकडे 2019 मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीत याची बीजे आहेत. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलतो. डॉक्टरने फक्त औषधाचे नाव सांगितले तर ती दूरस्थ चिठ्ठी झाली. "पायांवर सूज आहे म्हणता, मग लघवीत प्रथिने पाहिली का?" असे विचारले आणि कारण सांगितले तर तो धडा झाला, आणि पुढच्या वेळी तो प्रश्न उपकेंद्रातच विचारला जाईल. यंत्र दोन्ही वेळा तेच असते. फरक डॉक्टरच्या दोन मिनिटांचा.

आशांच्या मोबाइलची कथा जरा वेगळी आहे. त्यात भरायच्या नोंदी इतक्या की फोन म्हणजे शिकण्याचे साधन न वाटता वरिष्ठांचा डोळा वाटू लागतो. ज्या पडद्यावर आपली कामगिरी तपासली जाते त्याच पडद्यावर शंका विचारायला कोणी धजावत नाही. म्हणून शिकण्याचे अॅप आणि हजेरी-रिपोर्टिंगचे अॅप वेगळी ठेवणे ही तांत्रिक चैन नव्हे, मानसशास्त्रीय गरज आहे.

उलट पडद्याचा चांगला वापर कसा होतो, हे बाळाचे श्वास मोजण्याच्या धड्यात दिसते. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असतील तर धोका समजायचा. सोपे वाटते, पण बाळ हलते, रडते, पोट आणि छाती वेगळी हलतात. बालआजारांच्या प्रशिक्षणात एका बाळाची चित्रफीत सगळ्यांना दाखवतात आणि प्रत्येकीला आकडा लिहायला सांगतात. कोणी 52 लिहिते, कोणी 66. मग चित्रफीत पुन्हा लावून कुठे मोजणी चुकली ते बघायचे. खऱ्या बाळावर हे करता येत नाही, कारण ते मिनिट परत आणता येत नाही. इथे पडदा खरोखर काही देतो: सर्वांसमोर एकच प्रसंग, आणि चूक उघड होऊनही कोणाचे बाळ दगावत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर कार्यकर्त्यांसाठी मणी सरकवून आणि वाळूचे मिनिटघड्याळ लावून श्वास मोजण्याचे साधन केले होते. दहा श्वासांना एक मणी. तिथल्या घरोघरच्या नवजात सेवेने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी केल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी बाळाला पाहायला जाते ती त्याच कामातून निघालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार. मण्यांच्या पट्टीला संगणक म्हणायचे की नाही, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. मोजणीचा भार माणसाच्या डोक्यावरून साधनावर नेण्याचे काम ती चोख करत होती.

साधन आणि संवाद यांची फारकत झाली की काय होते, याचा दाखला शस्त्रक्रियेच्या तपासयादीत आहे. यवतमाळ जिल्ह्यात मुळे असलेले बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने ही यादी केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. चीर देण्यापूर्वी सर्वांनी आपले नाव आणि काम सांगावे, अशी एक ओळ त्या यादीत आहे. जामखेडच्या बायका नाव सांगायला शिकत होत्या, तेच. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने यादी सक्तीची केली. 101 रुग्णालयांच्या 2014 मधल्या अभ्यासात मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. त्यावर अनेक तज्ज्ञांनी लावलेला अर्थ असा की खुणा झाल्या, बोलणे झाले नाही.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आला आहे. तो डॉक्टरांपुरता आहे. परिचारिकांचा अभ्यासक्रम वेगळी परिषद ठरवते, आशांची पुस्तिका तिसरीकडे तयार होते आणि हे तिघे पहिल्यांदा भेटतात ते नोकरीवर, एखाद्या अडलेल्या बाळंतपणाच्या वेळी. लोणीच्या प्रवरा अभिमत विद्यापीठात वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या आणि फिजिओथेरपी ही महाविद्यालये एकाच आवारात आहेत. अशा ठिकाणी वैद्यकाच्या आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या आशाताईंना बरोबर घेऊन दर आठवड्याला दहा मिनिटे एकाच बाहुलीवर सराव करावा, आणि सुरुवात आशाताईने आपला प्रसंग सांगून करावी. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. दोन महाविद्यालयांची वेळापत्रके जुळवावी लागतात.